बॉनेटखालचे बटण

मित्रांनो, मी एक जुनी वोल्गा गाडी आहे आणि सध्या मी वैतागलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की डोळ्यांत पाणी आणतात म्हणे. मलाही आणता आले असते. पण माझ्या मालकाने मला निवांत रडायला कधी वेळच दिला नाही.

माझा जन्म दूर वोल्गा नदीच्या काठी एका मोठ्या कारखान्यात झाला. तेव्हा माझा रंग आभाळासारखा निळा होता आणि नाकावर झेप घेणारे चकचकीत हरीण होते. आगगाडीने आणि मग डोंगरांतून मी इकडे नारीन या डोंगरी गावाला आले आणि सामूहिक शेतीच्या अध्यक्षांना घेऊन फिरू लागले. काय तो रुबाब! मी रस्त्याने निघाले की मेंढपाळ घोडा थांबवून छातीवर हात ठेवायचे. तो मान मला नव्हता, आत बसलेल्या माणसाला होता, हे कळायला मला फार उशीर लागला.

पुढे सामूहिक शेती मोडली आणि वाटप झाले. कोणाच्या वाट्याला मेंढ्या आल्या, कोणाच्या वाट्याला ट्रॅक्टर. तुरुस्बेक हा तिथला मेकॅनिक. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याच्या वाट्याला मी आले. त्याची बायको कालिपा मेंढ्यांची वाट पाहत दारात उभी होती. त्याने मोठ्या ऐटीत मला अंगणात आणून उभे केले. तिने मला पुढून पाहिले, मागून पाहिले आणि विचारले, "हिची लोकर कधी काढायची?"

तेव्हापासून मी या दोघांची आहे. डोलोनचा घाट मी किती वेळा चढले असेन, देव जाणे. त्यांची एकुलती एक लेक जिपार जन्मली तेव्हा मायलेकींना इस्पितळातून मीच घरी आणले. जिपार घाटापलीकडे कोचकोरला सासरी गेली, तीही माझ्याच मागच्या सीटवर बसून. तिने रडून रडून सीटचा कपडा ओला केला आणि तुरुस्बेक वाऱ्याला शिव्या देत डोळे पुसत होता. खिडक्या सगळ्या बंद होत्या!

आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायलाच हवी. इथे सपाट जमीन म्हणून नाहीच, आणि हातब्रेकवर कोणी विश्वास ठेवत नाही. गाडी थांबली की ती गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला दगड लावायचा. हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही, हात आपोआप करतो. आमच्या घरी गिअर टाकायचा तुरुस्बेकने आणि दगड लावायचा कालिपाने. तिचा तो दगड माझ्यातूनच प्रवास करतो, तिच्या पायाशी. गाडी थांबली की ती उतरणार, मागच्या चाकाला दगड लावणार आणि मगच पदर, म्हणजे आपला डोक्याचा रुमाल, सारखा करणार.

पूर्वी तुरुस्बेक मला नाकासमोरचा लोखंडी दांडा फिरवून चालू करायचा. एका थंडीत दांडा उलटा फिरला आणि त्याचे मनगट मोडले. दोष माझा नव्हता, दांडा कसा धरायचा हे त्यालाच कळायला हवे होते. तेव्हापासून इंजिनाचे काही काम निघाले की तो बॉनेटखाली डोके घालून उभा राहतो आणि कालिपा आत बसून चावी फिरवते. तो ओरडतो, "दे!" ती देते. तो ओरडतो, "बस!" ती थांबते.

आता खरी गोष्ट ऐका, कारण ती फक्त कालिपाला आणि मला ठाऊक होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत डोलोनच्या घाटात माझे पाणी उकळले. तुरुस्बेक डबा घेऊन ओढ्याकडे गेला. कालिपाला वाटले, आपण तोवर गाडी चालू करून ठेवावी. तिने चावी फिरवली. मी होते गिअरमध्ये! मी अशी काही उडी मारली की समोर उभा असलेला मेंढा दरीच्या काठापर्यंत पळाला. कालिपा स्टिअरिंगला घट्ट धरून बसली. नवरा परत आल्यावर तिने त्याला काही सांगितले नाही. नवीन नवरी ती, कशाला बोलणी खाईल? पण त्या दिवसापासून चावीला हात लावण्याआधी तिचा डावा पाय क्लचवर जातो आणि तिचा हात स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा मोकळा करतो. मग तुरुस्बेक मला गिअरमध्ये ठेवून बॉनेटखाली शिरो की न शिरो.

आणि तो? तो आपला सगळ्या गावाला सांगायचा, "आमची ही काय, चावी तेवढी फिरवते."

मला तोंड म्हणून दिले आहे ती नुसती लोखंडी जाळी. नाहीतर मी तेव्हाच बोलले असते.

या वसंतात जिपारला मुलगा झाला. आमच्याकडे पहिल्या बाळाचा पाळणा आजोळहून जातो. आजीने तो स्वतः घेऊन जायचा, आपल्या हातांनी बाळाला त्यात निजवायचे आणि सासरच्या मंडळींनी दारात उभे राहून तिला घरात घ्यायचे. जमिनीवर डुलणाऱ्या ज्या लाकडी पाळण्यात जिपार निजली तोच कालिपाने माळ्यावरून काढला. तुरुस्बेकने तो घासून, लाल रंग देऊन शेडच्या भिंतीला वाळत ठेवला. आणि नेमके त्याच वेळी माझे इंजिन खोकू लागले. घाट सोडाच, मला फाटकापर्यंतही धड जाता येईना.

"टॅपेट ढिले झालेत," तुरुस्बेक म्हणाला. "एका सकाळचं काम आहे. आत बस गं."

टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे ठोकळे; त्यांची फट जुळवताना इंजिन थोडे थोडे फिरवावे लागते. जरासे फिरवायचे, थांबायचे, माप लावायचे, पुन्हा जरासे फिरवायचे. बाकावर शेजारचा काचकिन चहाचा वाडगा घेऊन बसला होता. इकडे मोठ्या माणसाला आके म्हणतात, आणि काचकिन तुरुस्बेकपेक्षा एका हिवाळ्याने मोठा आहे. तो रोज येतो. बघे असले की तुरुस्बेकच्या अंगात येते.

"दे! बस! बस म्हटलं ना! फार झालं! आता पुन्हा दे. एवढंसं! एवढंसं म्हणजे किती ते कळतं का? कानात कापूस घातलायस का?"

"तुमचं डोकं बॉनेटमध्ये," कालिपा आतून म्हणाली. "अर्धं बोलणं इंजिनच ऐकतं."

"बकरीला शिकवलं असतं ना, तर एव्हाना बकरीनं टॅपेट लावून दिले असते!"

काचकिन हसला. त्याच्या नाकातून चहा आला.

कालिपाने चावी काढली, सीटवर ठेवली. दार तिने आपटले नाही. आपटले असते तर बरे झाले असते. ती हळूच दार लावून म्हणाली, "मग बकरीलाच बसवा. आणि पाळणा मी मिनीबसनं नेईन. तुम्ही दोघं बसा इथं खोकत." दोघं म्हणजे तो आणि मी. माझा काय संबंध, सांगा!

तेव्हापासून अबोला. मित्रांनो, मोठी माणसे अबोला धरतात तेव्हा बघायला फार केविलवाणी दिसतात. ती कुत्र्याला सांगायची, "त्यांना म्हणावं, जेवण झाकून ठेवलंय." तो चहाच्या समोवारला सांगायचा, "तिला म्हणावं, मीठ कमी आहे." कुत्रा बिचारा एकदा याच्याकडे पाही, एकदा तिच्याकडे. आणि मिनीबसने पाळणा नेण्याचे नाव निघाले की तुरुस्बेकचा चेहरा पडायचा. लेक ज्या गाडीतून सासरी गेली त्याच गाडीतून तिच्या बाळाचा पाळणा न्यायचा, हे त्याने कधीच मनात धरले होते. तो नातवाला पाहायला गाडीविना कसा जाणार? म्हणजे जाणारच नव्हता, एवढा तो हट्टी आहे. एक शब्द बोलला असता तर भागले असते. "चुकलो," एवढाच. पण नाही! त्याऐवजी त्याने ठरवले, बॉनेटखाली बटण बसवायचे.

"बॅटरीपासून एक तार," त्याने काचकिनला समजावले. "दुसरी तार स्टार्टरच्या लहान टोकाला. मध्ये बटण. बॉनेटखाली उभं राहून मीच दाबणार, मीच सोडणार. आत कोणी बसायला नको, कोणाची मिनतवारी नको."

बटण बसवण्यात वाईट काही नाही. शहाणे मेकॅनिक बसवतात. पण ते गाडीसाठी बसवतात, बायकोला धडा शिकवण्यासाठी नाही.

काचकिन एकेकाळी गावच्या सिनेमागृहात यंत्र चालवायचा, म्हणून विजेतले सगळे त्याला कळते अशी त्याची समजूत आहे. तो घरी जाऊन सिनेमाच्या व्हरांड्यातले दिव्याचे बटण आणि दोरीसारखी बारीक तार घेऊन आला. तुरुस्बेकला कळत होते की ही तार स्टार्टरला पुरणार नाही. त्याने तोंड उघडलेसुद्धा. पण समोर आके! वयाने मोठा माणूस स्वतःच्या हाताने वस्तू घेऊन आला तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. एका हिवाळ्याचे मोठेपण, आणि त्यापायी माझ्या पोटात ती सुतळी गेली.

आदल्या दिवशी दोघांनी मला ढकलत शेडसमोर आणून मागे नुसता दगड लावला होता, आत कोणी बसलेच नव्हते, त्यामुळे मी तेव्हा गिअरमध्ये नव्हते, हे नशीब. तुरुस्बेकने बटण दाबले. माझे इंजिन फिरू लागले. तार तापली, वरचे आवरण वितळले आणि माझ्या बॉनेटखालून असा धूर निघाला की कोंबड्या छपरावर चढल्या. बटण आत अडकून बसले ते बसलेच. तुरुस्बेकने पक्कड घेऊन बॅटरीची तार खेचून काढली तेव्हा कुठे मी थांबले.

"आमच्याकडे असा धूर आला की आम्ही मध्यंतर करायचो," काचकिन शांतपणे म्हणाला आणि चहा मागायला घराकडे वळला.

तो गेल्यावर तुरुस्बेकने निमूटपणे सगळे उपटून टाकले. मोडक्या ट्रॅक्टरवरून जाड तार काढली, त्याच ट्रॅक्टरचे बोट उचलले की परत वर येणारे बटण काढले, टोके घासली, घट्ट आवळली, चिकटपट्टी गुंडाळली. काम सुरेख झाले, हे मी मान्य करते. त्याच्या हातात कसब आहे, फक्त जिभेला लगाम नाही. खूश होऊन तो आत येऊन बसला, हात पुसले, स्टिअरिंगवर थाप मारली आणि जेवायला जाण्यासाठी उतरला.

उतरता उतरता त्याच्या हाताने मला पहिल्या गिअरमध्ये टाकले. माझे नाक चढाकडे, शेडच्या भिंतीकडे होते, आणि चढाला पहिला गिअर हे हाताला जन्मापासून पाठ! त्याच्या डोक्याला पत्ताही नव्हता. मी काय करणार? कण्हले, पण माझ्या कण्हण्याची त्याला सवय आहे.

तो जेवत असताना कालिपा अंगणात आली. तिने बॉनेटखाली डोकावून बटण पाहिले, नाक मुरडले. मग ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. घाटातला तो मेंढा तिला आठवला असावा. मागच्या चाकाला तिचा दगड होताच. ती घरामागे गेली, कोबीच्या लोणच्याच्या पिंपावरचा वजनाचा दगड काढून आणला आणि माझ्या पुढच्या चाकाच्या वीतभर पुढे पायाने ठोकून बसवला. मग पीठ मळायला आत गेली.

तुरुस्बेक शीळ घालत आला. बॉनेट वर करून माझ्या आणि भिंतीच्या मध्ये उभा राहिला. त्याच्या मागे तो लाल पाळणा. चावी लावलेली नव्हती, इंजिन बंद होते, म्हणून तो अगदी निर्धास्त. अरे, पण गिअरमध्ये असलेल्या गाडीचा स्टार्टर फिरला की चावी असो नसो, ती चालू लागते! इतकी वर्षे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला हे मी सांगायला हवे का?

त्याने बटण दाबले.

माझी इच्छा नव्हती. देवाशप्पथ नव्हती. मी पुढे उडी घेतली. तो मागे पाळण्यावर कोसळला, पाळण्याची वरची दांडी कडकन मोडली आणि माझा बंपर त्याच्या गुडघ्यांना जाऊन भिडला. तेवढ्यात माझे चाक लोणच्याच्या दगडावर आदळले आणि मी तिथेच अडकले. बोट बटणावरून निसटले होते. चार बोटे आणखी पुढे गेले असते, तर ही गोष्ट सांगायची माझी हिंमत झाली नसती.

कालिपा पिठाच्या हातांनी धावत आली. तो भिंत आणि मी यांच्यामध्ये अडकलेला, पांढराफटक.

"पाय?" तिने विचारले. अबोला संपला होता.

"आहेत. हलवता येत नाहीत. अगं, हिला मागे घे. नाही, थांब, चावी लावू नकोस, आधी—"

"गप्प बसा," ती म्हणाली.

ती आत बसली. डावा पाय क्लचवर, हात गिअरच्या दांड्यावर. मी मोकळी झाले आणि उतारावरून वीतभर मागे सरकून माझ्या नेहमीच्या दगडाला टेकले. तुरुस्बेक घसरत खाली बसला. गुडघे सुजले होते, पण मोडले नव्हते. त्याची नजर आत बसलेल्या कालिपाच्या पायाकडे गेली. दार उघडेच होते.

"तू क्लच दाबलास," तो म्हणाला.

"मग? नेहमीच दाबते."

"नेहमी म्हणजे?"

"चावी फिरवताना. गिअर काढते, क्लच दाबते, मग फिरवते. तुम्ही निम्म्या वेळा गाडी गिअरमध्येच ठेवून बॉनेटखाली शिरता. मी आत बसून काय नाचत होते का?"

"इतकी वर्षं? कधी बोलली नाहीस!"

"कधी बोलणार? तुम्ही 'दे' म्हणता, मग 'बस' म्हणता. मध्ये माझ्या बोलण्याला जागा ठेवलीत का?"

तुरुस्बेक गुडघे चोळायला वाकला. तेव्हा त्याला पुढच्या चाकाजवळचा दगड दिसला. मिठाने पांढरा पडलेला तो दगड त्याने रोज ताटात कोबी वाढून घेताना पाहिला होता.

"हा इथं कसा?"

"मी ठेवला."

"तू तर माझ्याशी बोलत नव्हतीस."

"तुमच्याशी बोलत नव्हते," कालिपा म्हणाली. "तुम्ही मरावं असं कुठं म्हटलं होतं?" आणि ती रडू लागली. पिठाचे हात तोंडाला लावून, मोठ्याने, माझ्या सीटवर बसून रडली. तुरुस्बेक उठायला गेला, उठता येईना, म्हणून रांगत दाराशी आला आणि तिच्या पायाला, त्या डाव्या पायाला, हात लावून बसला. "चुकलो गं," तो म्हणाला. "बकरी मी आहे." मी हे शब्द दोन्ही दिव्यांनी ऐकले. बॉनेट उघडेच होते, पण मला एकदम हलके वाटले.

मग तिचे लक्ष पाळण्याकडे गेले. मोडकी दांडी लोंबत होती आणि तुरुस्बेकने रांगताना दिलेल्या धक्क्याने पाळणा अजून डुलत होता.

"अगंबाई! रिकामा पाळणा हलला!" रिकामा पाळणा हलू नये, ते अशुभ, हे आमच्याकडेही मानतात. ती धावत घरात गेली आणि ताजी रोटी आणून पाळण्यात ठेवली, म्हणजे तो रिकामा राहिला नाही. तुरुस्बेकने दांडी जुळवली, आतून पट्टी ठोकली आणि तारेला लावून उरलेली काळी चिकटपट्टी तिच्यावर घट्ट गुंडाळली. वरून मखमली आच्छादन पडल्यावर काही दिसेना.

काम मात्र अर्धवटच राहिले होते. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना फडकी बांधून तुरुस्बेक बॉनेटखाली उभा राहिला. बटण त्याने काढले नाही. कालिपाने काढू दिले नाही. "चांगलं जमलंय की," ती म्हणाली. "थोडं थोडं फिरवायला तुमचंच बोट बरं. पण आत मी बसणार. आणि मी सांगेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही."

काचकिन बाकावर येऊन बसला होता. त्याने वाडगा गुडघ्यावर ठेवला. तुरुस्बेकचे बोट बटणाजवळ थांबले.

आत कालिपाने गिअर मोकळा केला, क्लच दाबला, घसा साफ केला आणि अशी ओरडली की समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला.

"दे!"

तुरुस्बेकने दिले.

"बायको ओरडते आणि नवरा ऐकतो," काचकिन म्हणाला. "आमच्या सिनेमात असलं काही नव्हतं."

"तुम्ही चहा प्या आके," तुरुस्बेक म्हणाला. "बॉनेटमध्ये डोकं असलं की नीट ऐकू येत नाही, आणि मला आता ऐकायचंय."

टॅपेट लागले. मी घाट चढले. टपावर पाळणा, पाळण्यात रोटी, माझ्या आत दोन म्हातारी माणसे नातवाच्या नावावरून भांडत होती. कोचकोरला विहीणबाईंनी पाळणा पाहून तोंडभर कौतुक केले. "जुनं लाकूड आहे, भक्कम!" त्या म्हणाल्या. कालिपाने तुरुस्बेककडे पाहिले नाही. हसू आले असते. बाळ त्या चिकटपट्टीखाली झोपले ते संध्याकाळपर्यंत उठले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाड्यांना तेल घाला, पाणी घाला, बॉनेट उघडण्याआधी गिअर तपासा, एवढे तर मी मागणारच. पण तुमच्याही घरात कोणीतरी असेल, जे न सांगता क्लच दाबते आणि भांडण चालू असतानाही चाकाला दगड लावते. ते काय करते ते एकदा विचारा. गुडघे सुजण्याची वाट पाहू नका.

हल्ली गाडी थांबली की दगड लावायला तुरुस्बेक स्वतः उतरतो. नीट लावत नाही. कालिपा मागून उतरते आणि पायाने तो सरळ करते.